तेवीस गुडघे

आधीच सांगून टाकतो, आमच्या अपार्टमेंटची लिफ्ट मी बंद केली नाही. लिफ्ट ठरावानं बंद झाली. ठराव सर्वसाधारण सभेत झाला. सभा सेक्रेटरीनं बोलावली होती आणि त्या वर्षी सेक्रेटरी मी होतो, एवढाच काय तो माझा संबंध. पण आज निपाणीत कुणालाही विचारा, "परशराम घाडी कोण हो?" तर "ते व्हय? ते लिफ्टवाले!" असंच उत्तर मिळेल. तीस वर्षं विम्याच्या हापिसात एकही फाईल न हरवता नोकरी करत आलेल्या माणसाची ही ओळख!

सुरुवात एका पत्रानं झाली. पत्र सरकारी हापिसातून आलं होतं. कुठल्या ते सांगत नाही, कारण मला तिथं अजून दोन सह्या आणायला जायचं आहे. पत्र कन्नडमध्ये होतं. त्याचा सारांश असा, की माणसं फार बसायला लागली आहेत. बसून बसून साखर वाढते, रक्तदाब वाढतो. तरी वसाहतींनी आपले आपण नियम करून रहिवाशांना हलतं ठेवावं. पायऱ्या चढवाव्यात, चालवावं, गाड्या कमी वापरायला लावाव्यात. जी वसाहत सगळ्यात जास्त हलेल तिला फिरती ढाल, प्रशस्तिपत्र आणि शेजारच्या मोकळ्या जागेत व्यायामाची साधनं.

हे पत्र आलं तेव्हा मी बसलो होतो. वाचल्यावर एकदम उठलोच.

माझा स्वभावच असा. मला स्वस्थ बसवत नाही. म्हणजे शरीर बसलेलं असतं, पण आत कुणीतरी सारखं येरझाऱ्या घालत असतं. रिकामी भिंत दिसली की तिच्यावर सूचना लावावीशी वाटते. सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत मी अकरा सूचना लावल्या होत्या. "येथे सूचना लावू नयेत" हीसुद्धा त्यात होती. बायको पूर्णिमा प्राथमिक शाळेत शिकवते. ती म्हणाली, "आमच्या दुसरीच्या वर्गात असली चार पोरं हाईत. त्यांना मी फळा पुसायला लावते."

मोठ्या कामाला हात घालताना घरातून पाठिंबा मिळतोच असं नाही.

आमची इमारत चार मजल्यांची. खाली पार्किंग, वर मजल्याला चार याप्रमाणे सोळा फ्लॅट. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत बहात्तर पायऱ्या. चौथ्यावर मी. माझ्या समोरच्या दारात तारामती आक्का, वय चौऱ्याहत्तर, एकट्या राहतात. तिसऱ्यावर भुजबली अण्णा, तंबाखूचे व्यापारी आणि आमच्या असोसिएशनचे अध्यक्ष. अण्णांचं वजन अठ्ठ्याण्णव किलो, आणि त्यांचं मतही साधारण तेवढंच जड.

सभा रविवारी पार्किंगमध्ये झाली. मला वाटलं होतं, विरोध होईल. मी तर आकडेवारी, दोन तक्ते आणि हृदयाचं एक चित्र घेऊन गेलो होतो. पण ठराव तीन मिनिटांत एकमतानं मंजूर झाला. कारण मला नंतर समजलं. प्रत्येकाला वाटत होतं, की हा नियम शेजाऱ्यासाठी चांगला आहे. सगळ्यात जोरात टाळ्या पहिल्या मजल्यावाल्यांनी वाजवल्या. भुजबली अण्णांनी फक्त एक प्रश्न विचारला. "घाडी, ढालीवर नाव कुणाचं पयलं येणार? अध्यक्षाचं का सेक्रेटरीचं?"

"अध्यक्षांचं," मी म्हटलं.

"मग करा की बंद."

नियम असा ठरला. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ लिफ्ट बंद. किल्ली सेक्रेटरीकडे. पासष्टच्या वरच्यांना, गरोदर बायकांना आणि ज्यांच्याकडे डॉक्टरचा दाखला असेल त्यांना सवलत. सवलतवाल्यांनी सेक्रेटरीला हाक मारायची, सेक्रेटरी किल्ली लावेल. दाखल्याचं कलम मी स्वतः घातलं. माणुसकी म्हणून. माणसानं आयुष्यात दारूनं, जुगारानं बरबाद व्हावं, त्याला निदान चार लोक हळहळतात. माणुसकीनं बरबाद झालेल्याकडं कुणी बघतही नाही.

पहिली अडचण सूचनेची आली. आमच्या भागात कुठलाही प्रश्न सोडवायच्या आधी भाषेचा प्रश्न सोडवावा लागतो. सूचना मराठीत की कन्नडमध्ये? दोन्हीत, हे ठरायला एक दिवस गेला. वर कुठली, खाली कुठली, यात दोन दिवस गेले. वरखाली नको, शेजारी शेजारी लावू म्हटलं, तर डावीकडं कुठली यावरून पहिला आणि दुसरा मजला एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी मी लिफ्टच्या दाराच्या एका झडपेवर मराठी आणि दुसऱ्या झडपेवर कन्नड चिकटवली. सगळ्यांना हे पसंत पडलं. दार उघडलं की दोन्ही भाषा दोन बाजूंच्या भिंतीत गुडूप व्हायच्या, आणि मग वाचायला काहीच उरायचं नाही. पण तोडगा निघाला तो निघाला.

पहिला दिवस झकास गेला. माणसं हसत हसत चढत होती, जिन्यात एकमेकांचे फोटो काढत होती. दुसऱ्या दिवशी फोटो बंद झाले. तिसऱ्या दिवशी हसणं. तिसऱ्याच दिवशी गॅसच्या गाडीवरचा शामू भरलेली टाकी पार्किंगमध्ये ठेवून निघाला.

"अरे, वर कोण नेणार?" मी विचारलं.

"साहेब, मी काय तुमच्या स्पर्धेत न्हाय," शामू म्हणाला आणि गाडी चालू करून गेला.

टाकी भुजबली अण्णांची होती. चौथ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात आले. चढून. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात कागद.

"घाडी, गुडघा गेला."

"कुठला?"

अण्णांनी कागद बघितला. "उजवा."

दाखला डॉक्टर नागेंद्र यांचा होता. त्यांचा दवाखाना आमच्या बरोबर समोर. स्वभावानं अतिशय मऊ माणूस, कुणाला नाही म्हणून माहीत नाही. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या चारही फ्लॅटचे गुडघे गेले. दुसऱ्या दिवशी दुसरा मजला गेला. आठवडा भरायच्या आत पहिल्या मजल्यावाल्यांनीही दाखले आणून दिले. त्यांना अठराच पायऱ्या होत्या, पण इतरांकडं आहे आणि आपल्याकडं नाही, हे माणसाला सोसत नाही. मी सगळे दाखले तारीखवार फाईलला लावले. बावीस झाले. सकाळी सहापासून मी किल्ली हातात घेऊन पार्किंगमध्ये उभा. "घाडी, लिफ्ट!" "घाडीसाहेब, लिफ्ट!" इमारत हलावी म्हणून मी लिफ्ट बंद केली होती. इमारत जागची हलेना, आणि माझी दाढी करायची सोय राहिली नव्हती.

पायऱ्या चढत होती ती तीनच माणसं. पूर्णिमा, तारामती आक्का आणि मी.

आक्कांना वयाची सवलत होती, पण त्यांनी ती कधी मागितली नाही. रोज सहाला अनवाणी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जायच्या आणि साडेसातला परत येऊन एका लयीत वर चढायच्या. एका पायरीवर एक श्वास. त्यांना बघून जिनाच खाली सरकतोय असं वाटावं.

माझं तसं होत नव्हतं. आता खरं सांगायला हरकत नाही. मी मूळचा गुंजीकडचा. लहानपणी डोंगर चढून शाळेला गेलेला माणूस. पण त्या वर्षी मला काहीतरी झालं होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पिंढऱ्या शिशाच्या व्हायच्या, तोंड कोरडं पडायचं. सहाव्या दिवशी गावाकडनं आलेलं तांदळाचं गठुडं घेऊन मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलो तो वीस मिनिटं उठलो नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला काम चाललंय असं वाटावं म्हणून मांडीवर रजिस्टर उघडं ठेवलं होतं.

आक्का वर आल्या. "काय रं परशराम, बसलायस?"

"तपासणी करतोय, आक्का."

"कर, कर. वरच्या मजल्याची पण कर," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दोन दिवसांनी मी डॉक्टर नागेंद्रांच्या दवाखान्यात गेलो. यात लबाडी नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. ज्या माणसावर अख्ख्या वसाहतीच्या आरोग्याची जबाबदारी आहे त्यानं स्वतःची झीज करून घेऊ नये. सेनापती काही स्वतः तटावर चढत नाही.

डॉक्टरांनी न विचारताच कागद ओढला. "डावा का उजवा?"

"तुम्हीच ठरवा, डॉक्टर."

"आठवडाभर सगळ्यांना उजवाच दिलाय," डॉक्टर विचारात पडून म्हणाले. "तुम्हाला डावा देतो. जरा बदल."

तेविसावा दाखला मी फाईलमध्ये सगळ्यात खाली लावला. पूर्णिमाला सांगितलं नाही. ती साडेआठला शाळेला निघाली की मी किल्ली लावून गुपचूप वर जायचो. लिफ्टच्या आरशात मी स्वतःकडं बघायचो आणि आमची दोघांची नजर लगेच खाली जायची.

स्पर्धेचा पंधरवडा संपला. अहवाल पाठवायची वेळ आली. आणि इथं माझ्या स्वभावानं माझा घात केला. दुसरा कुणी असता तर चार ओळी खरडून मोकळा झाला असता. पण नमुना आला की तो नमुनेदार भरायचा, हा माझा बाणा. त्यात चार रकाने होते. नाव, मजला, सवलतीचं कारण, त्रास कधीपासून. मी कन्नड परीक्षा दुसऱ्या खेपेला का होईना, पण पास झालेला माणूस. सुवाच्य अक्षरात तेवीस वेळा 'मोणकालु नोवु' लिहिलं. म्हणजे गुडघेदुखी. त्यापुढं डावा-उजवा. चौथ्या रकान्यात दाखल्यांच्या तारखा घातल्या, त्या सगळ्या आठ दिवसांच्या आतल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण पानाखाली जागा मोकळी होती. ती बघून मला राहवेना. मी लाल पेननं आलेख काढला. पहिल्या दिवशी चार, मग नऊ, मग चौदा… रेष अशी सुंदर चढत गेली होती, की मी तो कागद दोनदा लांब धरून बघितला.

पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, एक प्रत तालुक्याच्या आरोग्य खात्याला द्यावी. दिली. पोच घेतली. शिक्का मारून.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला फाटकातून जीप आत आली. मागून दुसरी. पांढऱ्या कोटातली माणसं उतरली. मला वाटलं, स्पर्धेचे परीक्षक! मी धावत खाली गेलो, तेही पायऱ्या उतरून. अंगात इस्त्रीचा सदरा होता. मागोमाग पूर्णिमाही उतरली.

"सेक्रेटरी कोण?" पुढच्या बाईंनी विचारलं. डॉक्टर प्रियदर्शनी, आरोग्य खात्याच्या अधिकारी. वय पस्तिशीचं, आवाज मात्र निवृत्तीला आलेल्या हेडमास्तरचा.

"मी. परशराम घाडी. या, या. रजिस्टर तयार आहे."

"पेशंट कुठं आहेत?"

"कोण पेशंट?"

त्यांनी फाईलमधून माझा आलेख काढला. "तेवीस पेशंट. हा रिपोर्ट तुम्हीच केला ना? फार चांगला केलाय. इतका स्वच्छ रिपोर्ट आमचा स्टाफसुद्धा देत नाही."

खरं सांगतो, त्या क्षणी मला अभिमान वाटला.

"एका बिल्डिंगमध्ये आठ दिवसांत तेवीस गुडघे," त्या पुढं म्हणाल्या. "आम्हाला चिकनगुन्याचा संशय आहे. सगळ्यांना खाली बोलवा. रक्ताचे नमुने घ्यायचेत. पिंपं, टाक्या ओतून टाकायच्या. आणि धूर मारायचा."

खरं बोलायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. 'मॅडम, सगळे गुडघे खोटे आहेत.' पण खोट्या गुडघ्यांत तेविसावा माझा होता, आणि पूर्णिमा माझ्यामागं चार हातांवर उभी होती. वाक्य ओठापर्यंत आलं आणि मी ते गिळलं. "बोलावतो," असं म्हणालो.

पथकाबरोबर आलेल्या आशाताईंनी कर्ण्यातून आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत पुकारलं, "सर्व रुग्णांनी रक्त तपासणीसाठी खाली यावं!" तोवर धुराच्या मशीनवाल्या रवळूनं मशीन चालू केलं होतं. ते मशीन मोटारसायकलसारखं फट्‌फट्‌ करत होतं आणि दोन मिनिटांत पार्किंगमध्ये माणसाला स्वतःचा हात दिसेना. जिना म्हणजे आमच्या इमारतीचं धुराडंच. धूर वळणं घेत घेत वर निघाला.

"लिफ्टची किल्ली आणू का?" मी खोकत विचारलं.

"मुळीच नाही. धुरात लिफ्ट बंदच ठेवा."

आता रहिवाशांच्या बाजूनं विचार करा. खाली सुई. खालनं वर येणारा धूर. लिफ्ट बंद. माणसानं जायचं कुठं?

वर.

पहिल्या मजल्याची दारं धडाधड उघडली. मग दुसऱ्याची. चप्पल घालायला कुणी थांबलं नाही. मी नाकाला रुमाल लावून लोकांना खाली आणायला चढत होतो आणि माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं वर धावत होती. ज्यांचे उजवे गुडघे माझ्या फाईलमध्ये होते ती उजव्या पायानं दोन-दोन पायऱ्या टाकत होती. तिसऱ्या मजल्यावर भुजबली अण्णा बाहेर पडले. कमरेला टॉवेल, अर्ध्या गालाला साबण. अठ्ठ्याण्णव किलोचा तो देह माझ्या अंगावरून असा गेला, की मी भिंतीला चिकटलो.

"अण्णा, गुडघा!" मी ओरडलो.

"गुडघ्याला घाला चुलीत! सुई लई मोठी हाय म्हणं!" अण्णांचा आवाज पुढच्या मजल्यावरून आला.

या सगळ्या गर्दीत तारामती आक्का बस्तीतून आल्या होत्या. त्या जिन्यात एका बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पळू नका रं. पडशीला." मग त्या एकट्याच वळल्या, पदर नाकाला लावून खाली उतरल्या आणि डॉक्टर प्रियदर्शनींपुढं हात पसरून बसल्या. मीही त्यांच्यामागं खाली आलो. वर जायचं माझ्यात त्राण नव्हतं.

"आज्जी, तुमचं नाव यादीत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"न्हाय खरं. पण गुडघा माझा दुखतोय बाई. चार वर्सं झाली."

"मग यादीत कसं नाही?"

"कुणी इचारलंच न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी रजिस्टरकडं बघितलं.

"मग दुखऱ्या गुडघ्यानं जिना कशाला चढता? लिफ्टनं जायचं."

"लिफ्टमधी एकलीला कोंडल्यागत हुतंय," आक्का म्हणाल्या. "जिन्यात माणूस भेटतंय. घरात कोण हाय बोलायला? हा परशराम सुदीक बसलेला असतोय दुसऱ्या मजल्यावर."

पूर्णिमानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

धूर निवळला तशा डॉक्टर प्रियदर्शनी यादी घेऊन निघाल्या. सगळा लवाजमा गच्चीवर. मलाही जावं लागलं. कसा चढलो ते विचारू नका. गच्चीवर अख्खी वसाहत उभी होती, कुणी धापा टाकत, कुणी अण्णांचा साबण पुसत. डॉक्टरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाव वाचायच्या, माणूस हात वर करायचा.

"भुजबली… तिसरा मजला, उजवा गुडघा. कसे आलात वर?"

"चालत," अण्णा बारीक आवाजात म्हणाले.

"बसा. उठा. परत बसा."

बावीस माणसांना बसवून उठवून झालं. एकाही गुडघ्यातून कटकन आवाजसुद्धा आला नाही. मी टाकीच्या आडोशाला सरकत होतो. वाटत होतं, पान संपलं असेल, फाटलं असेल, शेवटची ओळ धुरानं पुसली असेल. पण अक्षर माझं होतं. ते पुसलं जाणारं नव्हतं.

"बावीस उजवे झाले. आणि एक डावा," डॉक्टर म्हणाल्या. "तेवीस नंबर. परशराम घाडी, चौथा मजला."

गच्चीवरची सगळी तोंडं टाकीकडं वळली. पूर्णिमा म्हणाली, "डावा?" एवढंच.

डॉक्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी यादीची घडी घातली. "नोंद झालीय, किट उघडलंय. रक्त सगळ्यांना द्यावंच लागेल. आणि एवढी माणसं एका जागी गोळा झालीच आहेत, तर तीस वर्षांवरच्यांची साखर पण बघून घेऊ. आमचं तेही काम मागं पडलंय."

बोटाला टोचून साखर बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. एकेकाचा आकडा आशाताई मोठ्यानं सांगत होत्या. अण्णांचा एकशे बारा. अण्णांनी गच्चीभर अशी नजर फिरवली, जशी काही ती साखर त्यांनी स्वतः कष्टानं खाली आणली होती. सात जणांचे आकडे चढे निघाले. त्यांना बाजूला बसवलं. मग माझं बोट.

आशाताईंनी मशीन झटकलं. दुसरं बोट टोचलं. मग त्या मोठ्यानं न सांगता डॉक्टरांच्या कानात बोलल्या.

"घाडी," डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "दोनशे एक्क्याण्णव. तहान लागते? पाय जड होतात?"

मी मान हलवली.

"किती दिवस?"

"वर्ष झालं असंल."

"तुमचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत हो. पण बाकीचं बघायला पाहिजे."

घरी आल्यावर पूर्णिमानं शाळेला रजेचा फोन केला आणि स्वयंपाकघरात गेली. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या. टेबलावरची फाईल नीट केली, परत विस्कटली, परत नीट केली. त्या दिवशी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, वह्या तपासायला बसायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हातातलं लाल पेन खाली ठेवून तिनं विचारलं,

"दोन वर्सांमागं रक्त तपासून आलो म्हणालासा. नॉर्मल हाय म्हणालासा."

"हं."

"गेलतासा का तपासायला?"

मी खोटं बोलू शकलो असतो. सवय होती. पण त्या आठवड्यात माझ्याकडं खोटं शिल्लक राहिलं नव्हतं. "न्हाय," म्हटलं. "भ्या वाटलं."

"गुडघ्याचं खोटं चालंल मला," ती म्हणाली. "सगळ्या बिल्डिंगीनं केलं, तुम्ही केलं, हसून सोडून दिन मी. पण रक्ताचं खोटं बोलायचं न्हाय. माझे वडील असंच नॉर्मल नॉर्मल म्हणत गेले."

तिचे डोळे भरले. मी उठून तिच्या वह्यांचा गठ्ठा सरळ केला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि माझा हात तसाच धरून ठेवला.

पुढचं थोडक्यात. चिकनगुन्या कुणालाच निघाला नाही. डॉक्टर नागेंद्र त्या दिवशी दुपारीच बहिणीकडं कडोलीला गेले ते दहा दिवसांनी परतले, आणि आता ते दाखला द्यायच्या आधी माणसाला आपल्या दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लावतात. स्पर्धेचं पत्रही आलं. आमची वसाहत बाद झाली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वसाहत आजारी असल्याने'. मी त्यावर हरकतीचा अर्ज लिहायला घेतला होता, तीन पानं झालीही होती. पूर्णिमानं ती दुसरीच्या पोरांना चित्रं काढायला नेली.

तातडीची सभा झाली. लिफ्टचा ठराव मागं घेतला. मी राजीनामा दिला. माझी अपेक्षा होती, की कुणीतरी "असू दे, राहू दे" म्हणेल. राजीनामा टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ढाल गेली म्हणून अण्णा थोडे नाराज होते, पण त्यांनी आपला एकशे बाराचा कागद फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय असं ऐकतो.

आक्कांच्या गुडघ्यावर आता तेल आणि गोळी चालू आहे. डॉक्टर प्रियदर्शनींनी त्यांना चढायचं बंद करा म्हणून सांगितलं. तेव्हा सकाळी साडेसातला पूर्णिमा त्यांना आणायला खाली जाते आणि दोघी लिफ्टनं वर येतात. लिफ्टमध्ये इतक्या बोलतात, की चौथा मजला आला तरी दार धरून उभ्याच असतात, आणि खाली अण्णा बटण दाबत बसतात.

मलाही डॉक्टर प्रियदर्शनींनी कागद दिला. त्यात गोळ्या आहेत, भात कमी आहे, आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे: रोज सकाळ-संध्याकाळ जिना, सुरुवातीला थांबत थांबत.

काल संध्याकाळी हापिसातून आलो. लिफ्ट खालीच उभी होती. आत अण्णा होते. त्यांनी झडपेला हात लावून दार धरलं. "या की घाडी. आता काय नियम न्हाय."

"नको अण्णा. तुम्ही चला."

दार मिटलं, लिफ्ट वर गेली. मी चढायला लागलो. पहिला मजला बरा गेला. दुसऱ्याच्या वळणावर पाय बोलायला लागले. मी कठड्याला धरून टेकलो. आतला तो येरझाऱ्या घालणारा माणूस कुरकुरत होता. बस म्हणत होता, ऊठ म्हणत होता, जिन्याच्या भिंतीला रंग द्यायला हवा म्हणत होता.

वरून, चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून, पूर्णिमानं वाकून हाक मारली. "किती झाल्या?"

"चौपन्न!" मी ओरडलो.

"आवाज दुसऱ्या मजल्यावरनं येतोय."

मी खालच्या पायऱ्यांकडं बघितलं. मग म्हणालो, "छत्तीस."

"मग बसा जरा. मी येते खाली," ती म्हणाली, आणि तिच्या चपलांचा आवाज एकेक पायरी उतरत जवळ येऊ लागला.